सासूबाईंची पेटी, बाबांचा बेंजो

पत्राचा सारांश: मध्य मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या आणि लग्नानंतर पार्ल्यात राहायला गेलेल्या एक वाचक लिहितात, "माझे बाबा नोकरी सांभाळून बेंजो पार्टीत वाजवायचे. घरात आंबेडकरी चळवळीचे शाहीर वामनदादा कर्डक यांची गाणी, शिंदे मंडळींची गाणी, कोळीगीतं सतत चालू. सासरी सगळं शास्त्रीय. सासूबाई विशारद आहेत, घरीच गाण्याचे क्लास घेतात, महिन्यातून एकदा बैठक होते. नवी नवरी असताना पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, 'तुला काय आवडतं गं?' मी घाबरून म्हणाले, 'किशोरीताई आमोणकरांचा भूप राग.' तेव्हापासून तेच सोंग चालू आहे. खरं म्हणजे मला ते गाणं कंटाळवाणं वाटतं. माना डोलावणाऱ्यांपैकी निम्मे तरी ढोंग करत असतील असंही वाटतं. माझी गाणी मी लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकते. यंदा सोसायटीच्या गणपतीत माझा पाच वर्षांचा मुलगा बेंजोवर बेभान नाचला. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'असलं हलकं ऐकलं की आधी कान बिघडतो, मग गळा.' मी गप्प बसले. माझी आवड खरंच खालच्या दर्जाची आहे का? कान तयार करून त्यांच्यासारखं व्हावं, की मुलाला त्यांच्या क्लासातून काढून घ्यावं?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. वाचता वाचता मला मध्येच एक तिसरा दिसला, जो तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलाच नाही. माना डोलावणारे निम्मे लोक ढोंग करतात, हे तुम्हाला कशावरून कळलं? त्या खोलीत न आवडलेल्या गाण्याला दाद देणारी एकच व्यक्ती आपल्याला खात्रीने माहीत आहे, आणि तिनेच मला पत्र लिहिलंय. रागावू नका. सासूबाईंच्या शेऱ्याबद्दल मी पुढे बरंच बोलणार आहे, आणि ते त्यांच्या बाजूचं नसेल. पण सुरुवात इथून करते, कारण 'तुमचं हलकं' आणि 'तुमचं ढोंगी' हे दोन्ही शेरे समोरचं नीट ऐकून घेण्याआधीच मारलेले आहेत.

आधी दर्जाचं बघू.

सासूबाई क्लासात पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन बसत असतील. ही पेटी मूळची युरोपातली. १९व्या शतकात ती आपल्याकडे आली, इथे तिला हाताचा भाता मिळाला, मांडी घालून वाजवता येईल असा आकार मिळाला आणि मराठी रंगभूमीने तिला डोक्यावर घेतलं. असं असूनही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, तिचे स्वर ठरावीक जागी खिळलेले असतात, आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म जागा, तिच्यात मावत नाहीत, असे आक्षेप होते. ते खोटेही नव्हते. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं देशाच्या रेडिओच्या लेखी सासूबाईंचं वाद्य साथीला बसण्याच्या लायकीचं नव्हतं.

आता बाबांचा बेंजो. मुंबईच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकन वाद्यवृंदातला बॅन्जो नव्हे. तो आपला बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचा. त्याचं मूळ आहे तैशोगोतो नावाचं जपानी वाद्य, १९१२ साली नागोया शहरात तयार झालेलं. मुंबईने त्याला वायर लावली, अँप्लिफायर जोडला, ढोलताशाची जोड दिली आणि रस्त्यावर उतरवलं. एक पाहुणी युरोपातून आलेली, दुसरा जपानमधून. यातलं घरचं कोण आणि परकं कोण हे ठरवायला बसलात, तर पार्ल्यातली ती बैठक भैरवीपर्यंतसुद्धा संपायची नाही.

माणसांच्या बाबतीतही हेच झालेलं आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचं नाव घेताना गाणाऱ्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. दोघी गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या, दोघींनी जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली, दोघींची मोठी कारकीर्द याच मुंबईत झाली. त्यांच्या समाजातल्या बाईच्या गाण्याबद्दल तेव्हाच्या घरंदाज घरांत काय बोललं जाई, ते छापण्यासारखं नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर भारतातलं जे गाणं आहे, ते केसरबाईंची भैरवी आहे. ज्या घरांनी या बायकांना ओसरीच्या आत घेतलं नसतं, त्यांची पतवंडं आज त्यांच्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवतात. जपावंच. फक्त मधला प्रवास विसरू नये.

आणि सिनेमाची गाणी? १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. अखेर १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांना जी नको होती तीच गाणी आज पार्ल्यातली कित्येक घरं 'तो काळच वेगळा होता' असं म्हणत डोळे मिटून ऐकतात. त्याच काळातले आपले संगीतकार सी. रामचंद्र बघा. गोव्याच्या बँडवाल्यांना हाताशी धरून त्यांनी हिंदी सिनेमात स्विंग आणि जॅझ आणलं, आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'ची चालही त्यांचीच. यातले कुठले रामचंद्र वरच्या दर्जाचे म्हणायचे?

तुम्ही घाबरून ज्यांचं नाव घेतलंत त्या किशोरीताईसुद्धा या कचाट्यातून सुटल्या नाहीत. इतर घराण्यांमधलं घेऊन त्यांनी जयपूर घराण्याची शिस्त मोडली, असा आक्षेप त्यांच्यावर वर्षानुवर्षं होता. त्यांच्या तालमीचा काही भाग भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे झालेला. हो, आपलाच भेंडीबाजार. शास्त्रीय संगीताच्या एका आख्ख्या घराण्याला मुंबईतल्या गजबजलेल्या वस्तीचं नाव आहे, हे पुढच्या बैठकीत कुणाला तरी आठवण करून द्यायला हरकत नाही.

मग दर्जा नावाची चीजच नसते का? असते. सगळंच सारखं चांगलं असं म्हणणारी माणसं मला फारशी पटत नाहीत. 'मी सगळं ऐकतो' म्हणणारा बहुधा काहीच नीट ऐकत नसतो. बेंजोवाला बेसूर असू शकतो, ख्यालगायक नुसत्या ताना फेकू शकतो, भीमगीत लिहिणारा घोषणांना यमकं जुळवून मोकळा होऊ शकतो. पण चांगलंवाईट त्या त्या प्रकाराच्या आत ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्या प्रकाराची रीत ठाऊक असावी लागते. वामनदादांचं गाणं शब्दांनी उभं राहतं. चाल मुद्दाम सोपी, कारण ती वस्तीतल्या शेवटच्या माणसाला उचलता आली पाहिजे. त्यात रागविस्तार शोधून तो नाही म्हणून नाक मुरडणं म्हणजे वडापाव खाऊन 'यात पाक कच्चा राहिलाय' म्हणण्यासारखं आहे. हे सासूबाईंना लागू आहे, आणि ख्यालात पहिल्या मिनिटापासून ठेका शोधणाऱ्या तुम्हालाही.

तुम्ही वामनदादांचं नाव लिहिलंत, त्यापुढचं लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहिते. मुंबईत 'तुम्ही कुठली गाणी ऐकता?' हा प्रश्न पुष्कळदा 'तुम्ही कुठल्या वस्तीतले, कुठल्या जातीतले?' हे विचारण्याचा सभ्य मार्ग असतो. सासूबाईंच्या मनात ते होतं असं मी म्हणत नाही. एका वाक्यावरून तसं म्हणणं अन्यायाचं होईल. पण तुम्ही गप्प बसलात ती भीती नुसत्या गाण्याची नसावी. त्यांचं बोलणं गाण्यावरून कधी माणसांवर घसरलं, 'तुमच्याकडचे', 'तसले लोक' सुरू झालं, तर माझा पुढचा सल्ला बाजूला ठेवा. तिथे मन मोकळं ठेवायची जबाबदारी तुमची नाही. तिथे तेव्हाच्या तेव्हा स्पष्ट बोलायचं.

तसं नसेल, तर आता तुमच्या कंटाळ्याकडे येऊ.

कंटाळा खरा आहे आणि त्याला कारणही आहे. बैठकीत आधी विलंबित ख्याल होतो. बहुतेक वेळा एकताल, बारा मात्रा, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरं व्हायला मिनिटभर लागू शकतं. मिरवणुकीच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला हे म्हणजे सिग्नलला अडकल्यासारखं वाटणारच. कशाची वाट बघायची हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. वाट बघायची ती समेची. गायक कुठेही भटकून येवो, त्या पहिल्या मात्रेवर त्याला आणि तबलजीला एकत्र पोचायचं असतं. ते कसं पोचतात, आज किती उशिरा वळतात, चुकता चुकता कसे सावरतात, यात निम्मी गंमत आहे. ज्यांना तुम्ही ढोंगी समजता त्यांच्या माना बऱ्याचदा नेमक्या तिथे डोलतात. पुढच्या वेळी तपासून बघा. सगळे एकाच क्षणी डोलले तर ते ढोंग नसावं. भलत्याच जागी डोलणारे एकदोन सापडतील, तेवढ्यांबद्दल तुमचं मत कायम ठेवा.

सुरुवात मात्र विलंबितापासून करूच नका. द्रुत, म्हणजे जलद, तीनताल घ्या, सोळा मात्रांचा. गळ्याकडे लक्ष न देता नुसता तबला ऐका. नवव्या मात्रेला खाली येते आणि तिथून पुढे काही मात्रा डग्ग्याचा घुमारा मागे सरतो. ती ओळखू आली की सम कुठे येणार हे तुमचं तुम्हालाच कळेल. तालाच्या बाबतीत तुम्ही घरातल्या पुष्कळांच्या पुढे असाल, कारण तुम्ही बेंजो पार्टीच्या तालमी बघत वाढलात. एकच बंदिश दोन वेगळ्या गायकांकडून ऐका, म्हणजे गायक स्वतःचं काय घालतो ते दिसतं. फोनवर भांडी घासता घासता ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐका, पण आख्खी बैठक नको. मध्यंतरानंतर येऊन बसणं हा काही गुन्हा नाही.

कान जन्माला येताना ठरून येत नाही. काही स्वरजोड्या कानाला टोचतात हे उपजत आहे, असं पुष्कळ जण मानत होते. २०१६ साली 'नेचर' या नियतकालिकात बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी समाजाचा अभ्यास आला. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा फारच कमी संबंध आलेला. आपल्याला कर्कश वाटणाऱ्या आणि गोड वाटणाऱ्या स्वरजोड्या त्यांना सारख्याच चांगल्या वाटल्या. तेव्हा 'मला गाण्याचा कानच नाही' हे वाक्य कृपया टाकून द्या. तुमचा कान उत्तम आहे, तो वेगळ्या घरात तयार झालाय.

इतकं करूनही ख्याल आवडला नाही तर? तर नाही आवडला. मग 'मला यात रस वाटत नाही' एवढंच म्हणायचं आणि तिथेच पूर्णविराम द्यायचा. 'म्हणून ते नाटकी आहे' हे शेपूट जोडायचं नाही. सासूबाईंकडूनही मला एवढीच अपेक्षा आहे. त्यांना बेंजो आवडलाच पाहिजे असं मुळीच नाही.

त्यांच्या त्या वाक्याचे मात्र दोन तुकडे करावे लागतील. कान गाण्याच्या प्रकाराने बिघडत नाही, आवाजाने बिघडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणांच्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत. गणपतीत स्पीकरच्या भिंतीसमोर पाच वर्षांचं पोर नाचत असेल, तर आजीची काळजी शंभर टक्के रास्त आहे आणि तुम्हीही त्याला दहा पावलं मागे ओढायला हवं. तिथे बेंजोच्या जागी भूप वाजत असता तरी हेच. कदाचित सासूबाईंना आवाजच सहन झाला नसेल आणि चीड गाण्यावर निघाली असेल. विचारून बघा. कितीतरी घरांतली 'काय ही तुमची गाणी' ही भांडणं खरं तर आवाजाच्या बटणाची असतात.

मुलाला क्लासातून काढू नका. तो तिथे स्वर लावायला शिकतोय आणि मिरवणुकीत अंगात ताल मुरवतोय. पाच वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त काय हवं? त्याला काढलंत तर तो तुमच्या दोघींच्या भांडणातला निरोप्या होईल. उद्या त्यानेच 'मला नाही जायचं' म्हटलं तर वेगळी गोष्ट. तेव्हा ऐका.

आता खरं कसं सांगायचं. इतकी वर्षं सासूबाईंना वाटतंय की सुनेची आवड आपल्यासारखीच आहे. त्यांनी तुमचं गाणं नाकारलं असं तुम्ही म्हणता, पण ते त्यांच्यासमोर आलंय कधी? सोसायटीच्या स्पीकरवरून, गर्दीत, तेही कुणी वेगळ्यांनी वाजवलेलं. बैठकीत सांगू नका, चार लोकांत माणूस आपली बाजू सोडत नाही. एखाद्या साध्या दिवशी, क्लासची मुलं गेल्यावर म्हणा, "आई, पहिल्या बैठकीत मी घाबरून किशोरीताईंचं नाव घेतलं होतं. मला त्यातलं फार कळत नाही. सम कशी ओळखायची ते दाखवाल का? आणि माझ्या बाबांकडचं एक गाणं तुम्हाला ऐकवायचंय." आधी मागा, मग द्या. शिकवणाऱ्या बाईला 'शिकवा' म्हटलं की तिचा अर्धा ताठा तिथेच उतरतो.

एकच गाणं निवडा, आणि मिरवणुकीतलं नको. शाहीर विठ्ठल उमपांचा आवाज माझी पहिली पसंती असेल. त्या गळ्यापुढे गाण्यातला माणूस 'हलकं' म्हणायला धजणार नाही. किंवा वामनदादांचं एखादं शांतपणे, शब्द समजावत. ऐकवण्याआधी एवढंच सांगा की शब्दांकडे लक्ष द्या, किंवा ढोलकीकडे. एक मोह टाळा. बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यावर असतात आणि सासूबाईंचा दादरा तालही सहा मात्रांचा. हे सांगायला मजा येईल, जरूर सांगा. पण 'बघा, म्हणजे आमचंही शास्त्रीयच' असा दावा करू नका. वरच्या घराशी नातं निघालं तरच मान, हे एकदा कबूल केलंत की तुमच्या गाण्याला कायम कुणाच्या तरी ओळखीने आत यावं लागेल. कोळीगीताला कोळीगीत म्हणूनच ऐकू द्या.

त्यांनी ऐकून नाक मुरडलं तरी चालेल. इअरफोन मात्र काढा. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात तुमची गाणी बेताच्या आवाजात लागू द्यात. घर तुमचंही आहे.

अशा अर्थाची पत्रं इतरही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. नातवाच्या कोरियन गाण्यांना वैतागलेल्या आजोबांनी 'यात काय आहे?' हा प्रश्न खरंच प्रश्न म्हणून विचारावा आणि उत्तराला दहा मिनिटं द्यावीत. मित्राच्या रॅपला 'हे बोलणं आहे, गाणं नाही' म्हणणाऱ्यांनी कीर्तनकाराकडे एकदा लक्ष द्यावं, तोही गाणं आणि बोलणं यांच्या सीमेवरच उभा असतो. धारावी, कुर्ला, अंधेरीतली मुलं आपल्या गल्लीबद्दल काय म्हणतायत ते निदान शब्दांसाठी ऐकावं. नवं ऐकायला तिकीट परवडत नसेल तर दरवर्षी थंडीच्या अखेरीस होणाऱ्या काळा घोडा महोत्सवात फुकट बरंच कानावर पडतं. न आवडलेल्या कार्यक्रमातून टाळ्या न वाजवता बाहेर पडायलाही शिकावं.

शेवटी नवरोबा. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ते एकदाही आलेले नाहीत, आणि मला तेच सगळ्यात खटकलं. तुम्ही लोकलमध्ये काय ऐकता हे त्यांना माहीत आहे का? सासूबाईंशी बोलायच्या आधी त्यांना सगळं सांगा. मध्यस्थी त्यांच्याकडून करून घेऊ नका, 'आई, तिला काय म्हणायचंय' असं सुरू झालं की तुमचं म्हणणं पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून जाईल. त्यांनी फक्त एक करावं. सासूबाई पुन्हा चारचौघांत तसं काही बोलल्या, तर त्याच जागी, तुमच्याकडे न बघता, स्वतःहून उत्तर द्यावं.